घरी सोडायला येणारी माणसं

शनिवार, तीस नोव्हेंबर. दुपार कलताना. मनीमाजऱ्यातली एक अरुंद गल्ली, निळ्या दाराचं घर.

हजर: वाइंडिंग सेक्शन पूर्ण, रजेवर असलेले धरून. टेस्टिंगचे सगळे. स्टोअरकीपर. अकाउंट्समधल्या दोघी. कॅन्टीनचा महाराज. दोन्ही ड्रायव्हर. गेटवरचा एक पहारेकरी, दुसरा ड्यूटीवर. ढोलवाले. शेजारच्या आंटीजी आणि त्यांची सून. निवृत्त होणारे स्वतः. मी, दाराच्या आतल्या बाजूला.

गैरहजर: घरातली सगळीच माणसं.

कोणत्याही कार्यक्रमाची नोंद मी अशीच करते. कोण होतं, कोण नव्हतं, काय ठरलं, काय राहिलं. एका सरकारी कंपनीच्या चंदीगडमधल्या वर्कशॉपमध्ये मी कार्मिक विभाग सांभाळते. हजेरी, रजा, बढती, निवृत्ती. माणूस कंपनीत येतो तेव्हा पहिली सही माझ्यासारखीच्या टेबलावर करतो आणि जातो तेव्हा शेवटचीही. मधली सगळी वर्षं तो कशासाठी येतो, हे कोणी मला विचारलं नव्हतं. त्या वर्षी दसऱ्यानंतर हेड ऑफिसने विचारलं. पगार, भत्ते आणि बोनस बाजूला ठेवले तर तुमच्या युनिटमधला कर्मचारी कशामुळे काम करतो, यावर टिपण पाठवा. खाली पाच पर्याय दिले होते: कौतुक, प्रशिक्षण, बढतीची संधी, कामाचं वातावरण, इतर.

मी टेबलावर बसून खूण करू शकले असते. पण काम समोर आलं की ते नीट करायचं, ही माझी सवय. चहाच्या सुट्टीत मी खाली शेडमध्ये गेले.

आमचं वर्कशॉप इंडस्ट्रियल एरियाच्या फेज टूमध्ये आहे. जळालेल्या मोटारी येतात, त्यांच्यातली जुनी तांब्याची तार काढून नवी भरली जाते, वार्निश होतं, भट्टीत सुकतं, टेस्टिंग होतं, मोटार परत जाते. लोक हिंदी आणि पंजाबी बोलतात. मी इथे बहुतेक माझ्या भाषेत लिहिते आहे; जिथे चव जाईल असं वाटलं तिथे त्यांचंच ठेवलं आहे.

"कशासाठी येता?" मी विचारलं.

"बायकोपासून सुटका!" टेस्टिंगचा एकजण म्हणाला.

"आणि तिची तुझ्यापासून," दुसऱ्याने सांगितलं. "ती पण हेच लिहून देईल, विचारा तिला."

"मॅडमजी, लिहा, कॅन्टीनच्या चहासाठी."

यावर सगळे इतके हसले की महाराज आतून झारा घेऊन बाहेर आला.

अकाउंट्समधली थोरली जरा विचार करून म्हणाली, "घरी मी बोलते तेव्हा टीव्ही चालू असतो. इथे मी बोलले की निदान माना वर होतात." धाकटी म्हणाली, "आपण नाही आलो तर कोणाचं तरी अडलं पाहिजे, बस."

वाइंडिंगचे चार्जमन, म्हणजे त्या सेक्शनचे मुकादम, कोपऱ्यातल्या स्टुलावर बशीत चहा ओतून पीत होते. सगळं वर्कशॉप त्यांना तायाजी म्हणतं. तायाजी म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. उंच, थोडे वाकलेले, पांढरी दाढी. मोटार टेस्टिंगला लागलेली असतानाही ऐकू येईल असा आवाज. त्यांनी उलट विचारलं, "आपण स्वतःसाठी काय लिहिलं, मॅडमजी?"

"माझं विचारलेलं नाही. मी टिपण लिहिणारी."

"अच्छा जी," ते म्हणाले आणि बशी पुसून ठेवली.

मी वर आले आणि "इतर" समोर पेन्सिलीने खूण केली. अजून काही सुचत नव्हतं.

मला चंदीगडला येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. नवरा नाशिकला, कॉलेजात शिकवतो आणि त्याच्या आईला सांभाळतो. मुलगा हैदराबादला. बदल्यांमध्ये वाढलेला, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून देतो. मी सेक्टर चव्वेचाळीसमध्ये एका कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, वरचा मजला भाड्याने घेतला आहे. संध्याकाळी नवऱ्याचा फोन येतो. जेवलीस का, थंडी पडली का, गॅस आला का. मग आई हाक मारतात आणि तो फोन ठेवतो. तक्रार नाही. मी घर व्यवस्थित ठेवते, आठवड्याची भाजी शनिवारी आणते, रविवारी इस्त्री करते. रविवारी दुपारनंतर काहीच काम उरत नाही, तेवढी एक वेळ मला अजून बसवता आलेली नाही. चंडीमंदिरच्या छावणीत एक मराठी फौजी कुटुंब आहे, गणपतीत त्यांच्याकडे जाते. दर दोन-तीन वर्षांनी ते कुटुंब बदलतं, पुरणपोळी तीच राहते. कोणी विचारलं की मी सांगते, घर नाशिकला, इथे पोस्टिंगवर आहे.

इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी एक निवृत्ती पाहिली. आमच्याकडचा कार्यक्रम मला पाठ आहे: शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, चार भाषणं, त्यातलं एक लांब, बटाटेवडा, चहा. मग सत्कारमूर्ती पुष्पगुच्छ स्कूटरच्या पुढच्या बास्केटमध्ये ठेवून एकटे घरी जातात. तशीच तयारी मी केली. भाषणं झाली, समोसे झाले, मी आवरायला घेतलं, तर सगळे गेटकडे निघालेले. बाहेर ढोल. सजवलेली गाडी, मागे कंपनीची व्हॅन, त्यामागे मोटारसायकली.

"कुठे चाललेत सगळे?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"घरी सोडायला, मॅडमजी. नोकरी संपली ना. आता माणूस घरच्यांना परत नको द्यायला?"

त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळी गेले आहे. इथे सगळा कारखाना माणसाला त्याच्या दारापर्यंत पोचवतो. दारात बायको, बहीण किंवा भावजय उभी असते. ती उंबऱ्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर तेल ओतते, मग तो आत पाऊल टाकतो. पाठोपाठ सगळे आत घुसतात आणि जेवतात. ही मिरवणूक नेहमी तायाजी चालवायचे. कोण कोणत्या गाडीत, ढोल कुठे थांबणार, हार कोणी धरायचे. स्वतः निवृत्त होणाऱ्याच्या शेजारी बसायचे आणि दारात पोचल्यावर त्याला खांद्याला धरून पुढे करायचे. दर वेळी तेच म्हणायचे: "लो जी, साबूत मोड़ रहे हैं। हाथ-पैर गिन लो।" घ्या, अख्खा परत देतोय, हातपाय मोजून घ्या. विजेशी काम करणाऱ्यांच्या तोंडी हा विनोद आहे, पण ऐकताना बायका डोळे पुसतात.

वर्षभर हीच गोष्ट बोलण्यात येत राहते. कोणी काम टाळून कोपऱ्यात मोबाइल बघत बसला की ठरलेला टोमणा असतो: "बैठा रह, बेटा! तुला तर ऑटोत बसवून देऊ, एकट्याला." आणि तो हसत का होईना, उठतो. एकाच्या वेळी खरंच दोनच मोटारसायकली निघाल्या होत्या. तो माणूस कोणाच्या अडचणीला कधी उभा राहिला नव्हता. त्या दोन मोटारसायकलींची गोष्ट नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगितली जाते. मी भरती करून घेते, सुरक्षेचे नियम वाचून दाखवते, सह्या घेते. खरं प्रशिक्षण खाली होतं.

नोव्हेंबर तायाजींचा शेवटचा महिना होता. दिवाळी झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. कागद सगळे पुरे होते, मीच केले होते. बसा म्हटलं तर उभेच राहिले.

"मॅडमजी, एक विनंती. माझं घरी सोडणं ठेवू नका. लाडू-समोसे मी सगळ्यांना इथेच देईन. मग मी निघेन."

"का हो?"

"घर बंद आहे."

त्यांची बायको आदल्या हिवाळ्यात गेली, हे मला माहीत होतं. तेव्हा मीही त्यांच्या घरी जाऊन आले होते. मुलगा आणि सून कॅनडात. मुलाची नोकरी नवी, रजा मिळणार नव्हती. बहीण होशियारपूरला, गुडघ्यांनी खाटेला खिळलेली.

"बंद घरी कसं कोणाला न्यायचं?" ते म्हणाले. "वाजतगाजत जायचं आणि मग मीच खिशातून चावी काढायची? सगळे मागे उभे, मी कुलूप उघडतोय. स्वतःच स्वतःला आत घ्यायचं. नाही जी. इतक्या लोकांना मी त्यांच्या दारात दिलं. मला घ्यायला दारात कोणी नाही, हे मला सगळ्यांना दाखवायचं नाही."

"बघते" म्हटलं. माझ्या कामात "बघते" हा शब्द मी फार कमी वापरते.

बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली पोचली. दुपारी वाइंडिंगचे चौघे वर आले, त्यांच्यातला सगळ्यात जुना पुढे.

"मॅडमजी, असं होणार नाही. सगळ्यांना त्यांनी सोडलं. आता ते ऑटोने जाणार?"

"त्यांचीच इच्छा आहे."

"इच्छा कसली! तायीजी असत्या तर असं म्हणाले असते? सांगून ठेवतो, ते एकटे गेले तर पुढे कोणालाच सोडायला जाणार नाही. मग माझ्या वेळी पण नको."

"तुझ्या वेळी तसंही कोण येणार आहे," मागचा म्हणाला. नेहमी यावर हशा व्हायचा. त्या दिवशी झाला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. काम बंद नव्हतं, नियमात बोट ठेवायला जागा नव्हती. पण टोमणे थांबले. कोणी कोणाला उठवेना. भट्टीतून मोटारी काढायच्या राहायच्या आणि तायाजी स्वतः उठून काढायचे. शेडमध्ये पहिल्यांदाच फक्त यंत्रांचा आवाज ऐकू यायचा. मी वरून जिन्यात उभी राहून बघायचे. पगार-भत्त्यांत तर काहीच बदललं नव्हतं.

तोडगा अकाउंट्समधल्या थोरलीने काढला. डबा खाताना सरळ म्हणाली, "आत कोणीतरी असलं म्हणजे झालं ना? मग आपल्यातलंच एक माणूस आधी जाऊन बसेल."

"तूच जा," धाकटी म्हणाली.

"मी त्यांना मुलीसारखी. दारात बहीण लागते." मग दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"मला तुमच्यातलं काही येत नाही," मी म्हटलं.

"दार उघडता येतं ना?"

मी खाली गेले. तायाजी तार मोजत होते. मी सांगितलं, घर त्या दिवशी बंद नसेल. मी आधी जाऊन उघडते, तुम्ही मागून या.

ते तार गुंडाळत राहिले. मला वाटलं, नाही म्हणणार.

"आपल्याला त्रास," ते म्हणाले.

"त्रास कसला. शनिवारची भाजी मी रविवारी आणेन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घराची चावी आणून दिली. किल्लीच्या कड्यात एक निळा मणी होता.

तीस तारखेला समारंभ चालू असतानाच मी निघाले. भाषणं मला आधीच माहीत होती, दोन मीच लिहून दिली होती. पिशवीत सामान: ताम्हन, निरांजन, वाती, हळद-कुंकू, अक्षता, तेलाची बाटली, पोळीचा तुकडा डब्यात, काडेपेटी, केरसुणी, दोन फडकी. जेवण कॅन्टीनचा महाराज व्हॅनमधून आणणार होता.

घर उघडलं तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. मी खिडक्या उघडल्या, झाडलं, पुसलं, पलंगावरची चादर ताणली. स्वयंपाकघरात ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला उपडे घातलेले. सगळ्यात छोटा कुकर. वरच्या फळीवर मोठी पातेली कागद घालून ठेवलेली. मला ते सगळं फार ओळखीचं वाटलं. माझ्या ओट्यावरही हेच असतं, फक्त माझी वाटी स्टीलची, त्यांची काचेची. चहासाठी पेले कमी पडतील हे लक्षात आलं तेव्हा मी शेजारचं दार वाजवलं. शेजारच्या आंटीजींनी पेल्यांची टोपली सुनेच्या हाती दिली आणि स्वतः मागोमाग आल्या.

"तुम्ही कोण त्यांच्या?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसमधली."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि माझी तयारी बघायला लागल्या. बाटलीचं बूच काढून वास घेतला. "हे कसलं तेल?"

"शेंगदाण्याचं."

"मूँगफली का?" त्यांनी सुनेकडे पाहिलं. "अगं, हिने तर भजी तळायचं तेल आणलं! बेटे, उंबऱ्यावर मोहरीचं घालतात."

मला कसं सुचलं नाही कोण जाणे. तीन वर्षं या लोकांत राहून माझ्या स्वयंपाकघरात मोहरीच्या तेलाचा थेंब नव्हता. सून धावत जाऊन घेऊन आली. मग आंटीजींची नजर ताम्हनाकडे गेली. "आणि हा पोळीचा तुकडा कशाला?"

"आमच्याकडे लांबून माणूस घरी आलं की ओवाळून टाकतात. दृष्ट लागू नये म्हणून."

"लांबून?" त्या म्हणाल्या. "फेज टू इथून जवळच आहे." पण मग स्वतःच म्हणाल्या, "राहू दे, टाक. तुमच्याकडचं पण होऊ दे."

त्या गेल्यावर करण्यासारखं काही उरलं नाही. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. रविवारच्या दुपारीही मी अशीच बसते, पण तेव्हा कोणी येणार नसतं. इथे कोणी तरी येणार होतं. मला आठवेना की मी शेवटची कोणाची अशी वाट कधी पाहिली होती. नाशिकला असताना मुलाच्या शाळेच्या बसची, नवऱ्याच्या स्कूटरची. या शहरात मी नेहमी बाहेरून येणारी. किल्ली लावते, दिवा लावते, चप्पल काढते. आत बसून बाहेरच्या पावलांचा कानोसा घ्यायचा असतो, हे मी विसरले होते. गल्लीत कोणीही चाललं की मी उठत होते.

मग ढोल ऐकू आला. आधी लांबून, मोठ्या रस्त्यावरून, मग वळणावर. मी निरांजन लावलं.

निळं दार मी आतून उघडलं. पुढे तायाजी, गुलाबी पगडी, गळ्यात झेंडूचे हार, मागे अख्खी गल्ली भरलेली. ते उंबऱ्याबाहेर थांबले आणि आत बघू लागले, जणू घर नवीन आहे. मी दोन्ही कोपऱ्यांवर तेल ओतलं. आंटीजी मागून म्हणाल्या, "थोडं अजून." अजून ओतलं. कुंकू लावावं की नाही कळेना, कपाळ पगडीने झाकलेलंच होतं, म्हणून नुसतं ओवाळलं. पोळीचा तुकडा उतरवून बाजूला टाकला, तो नेमका ढोलवाल्याच्या बुटावर पडला.

"मॅडमजी, हे माझ्यासाठी?" त्याने विचारलं आणि सगळे खो खो हसले. तायाजीही.

मग हसणं ओसरलं. सगळ्यांना माहीत होतं की आता एक वाक्य म्हणायचं असतं, आणि ते म्हणणारा माणूस आज दुसऱ्या बाजूला उभा होता. वाइंडिंगचा सगळ्यात जुना पुढे सरकला. त्याने तायाजींना खांद्याला धरलं.

"लो जी," तो म्हणाला. "साबूत मोड़ रहे हैं। गिन लो।"

घरचे उत्तर काय देतात हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं. ऐनवेळी हिंदी आलीच नाही.

"मोजले," मी म्हटलं. "सगळे आहेत. या आत."

शब्द कोणाला कळले नसतील. अर्थ कळला असावा, कारण ढोल परत सुरू झाला आणि तायाजींनी उजवं पाऊल आत टाकलं.

नंतर दोन खोल्यांत इतकी माणसं मावली कशी, हे मला अजून समजलेलं नाही. महाराजाचे छोले-भटुरे, कॅनडाहून मुलाचा व्हिडिओ कॉल, तो फोन हातोहात सगळीकडे फिरला. मुलगा मला बघून गोंधळला. "ये कौन हैं, पापाजी?" तायाजींनी फोन परत घेतला आणि म्हणाले, "घर वाले।" पुढचं पंजाबीत बोलले, ते मला कळलं नाही.

अंधार पडायच्या आत सगळे पांगले. शेवटी मी पेले विसळून आंटीजींना दिले, ताम्हन पिशवीत घातलं, आणि निळ्या मण्याची चावी ओट्यावर ठेवली.

"ती इथे ठेवू नका," तायाजी म्हणाले. "आपल्याकडेच ठेवा, मॅडमजी. ती माझ्या घरवालीची होती. एकट्या माणसाची एक चावी बाहेर असावी. मी आत पडलो तर दार फोडायला नको."

"असं बोलू नका."

"का? हिशेबाची गोष्ट आहे. आपल्याला तर हिशेब आवडतो." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आपली दुसरी चावी कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"दुसरी?"

"दोन्ही. पर्समध्ये. एकाच कड्यात."

ते मोठ्याने हसले. "दोन्ही पर्समध्ये! आणि पर्स हरवली तर?" मी पण हसले. ते मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले, ऑटो थांबवला, आणि ऑटोवाल्याला दोनदा सांगितलं की नीट घेऊन जा. ऑटोतून जाताना माझ्या लक्षात आलं की मी एकटीच ऑटोने चालले आहे, आणि मला खाली वापरला जाणारा तो टोमणा आठवून हसू आलं. फार वेळ टिकलं नाही.

सोमवारी शेडमध्ये टोमणे परत सुरू झाले. भट्टीपाशी कोणी रेंगाळलं की, "ऑटो बोलावू का?" कोपऱ्यातलं स्टूल कोणी वापरत नाही, पण हलवलंही नाही. हेड ऑफिसला मी टिपण पाठवलं. लिहिलं की आमच्याकडे माणसाला शेवटच्या दिवशी सगळे घरापर्यंत पोचवतात, आणि त्या दिवशी किती जण येतील याची तयारी तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून करत असतो. उत्तर आलं, कृपया दिलेल्या पर्यायांपैकीच एक निवडावा. मी "कामाचं वातावरण" निवडलं. प्रकरण बंद.

माझ्या निवृत्तीला आता फार वर्षं नाहीत. तोपर्यंत बदली झाली नाही तर इथूनच होईल. ही मंडळी ऐकणार नाहीत, ढोल आणतील. कुठे नेतील, हा प्रश्न आहे. नाशिक लांब पडतं. सेक्टर चव्वेचाळीसमधल्या वरच्या मजल्याला आतून उघडणारं कोणी नाही.

त्यावर आत्ताच विचार करून उपयोग नाही, म्हणून जे करता येईल ते करायला घेतलं. चाव्यांचं कडं उघडलं आणि एक चावी वेगळी काढली. कोणाला द्यायची ते पाहिलं. घरमालकीण खाली राहते, पण सहा महिने मुलीकडे कॅनडाला असते. अकाउंट्समधली थोरली लांब, पंचकुल्याला. चंडीमंदिरच्या कुटुंबाची मार्चमध्ये बदली. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पोस्टाने पाठव, ठेवतो मी." तो चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच वाटलं की उपयोग होईल.

मग एकच माणूस उरतो. मनीमाजरा लांब नाही, रविवारी दुपारी मला वेळही असतो. दोन रविवार मी तयार होऊन बसले. पण चावी हातात दिली म्हणजे इथे माझं घर आहे आणि त्यात मी एकटी राहते, हे दोन्ही एकदम सांगावं लागतं. इतकी वर्षं मी पोस्टिंगवर आहे एवढंच सांगत आले.

चावी फ्रिजवर ठेवली आहे, कागदात गुंडाळून. द्यायची राहिली आहे.